अजून हातभर खोल

व्हेस्टरहोल्म, २० नोव्हेंबर

बाबा,

काल थ्यूरा आत्याला फोन केला. "तो कोंबड्यांकडे गेलाय," म्हणाली. गेल्या रविवारीही तू कोंबड्यांकडेच गेला होतास. सहा कोंबड्यांना किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, आणि मला ते ठाऊक आहे हे आत्यालाही ठाऊक आहे. त्यामुळे आम्ही दोघी थोडा वेळ हवेबद्दल बोललो. लेसो बेटावर वारा सुटलाय म्हणे. लेसोवर वारा पडला असता तर ती बातमी झाली असती.

म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र टेबलावर पडून राहतं. त्याच्यासाठी हातातलं काम टाकून यावं लागत नाही.

तुझ्या घरातले नळ बंद करून पाइपांतलं पाणी काढून टाकलं, थंडीत फुटायला नकोत. मागच्या दाराची कडी घट्ट केली. तू परत येशील तेव्हा ती तुला जड जाईल, थोडं तेल घालावं लागेल.

होल्मच्या शेताचा अहवाल आज पाठवला. बांधकामाआधीच्या तपासणीचे बारा चर, आठ दिवस. दोन जुन्या बांधांच्या खुणा, एक दगडी नाली, बाकी काही नाही. जमीन मोकळी. वसंतात बिल्डर प्रेबेनची तेरा घरं उभी राहायला लागतील. त्यानं फोनवर शीळच घातली. "दोर्ते, तू संग्रहालयात फुकट जातेस. माझ्याकडे ये, बांधकामावर," म्हणाला.

सातव्या चराबद्दल आपण दोघंही बोललो नाही. आता महिना होऊन गेला. तुझी बाजू मला माहीत आहे, मी समोरच उभी होते. माझी बाजू तुला खोदायच्या मशीनच्या केबिनमधून दिसली नसेल, म्हणून एकदा लिहिते.

आठवा, शेवटचा दिवस, आणि मुद्दाम मागे ठेवलेला सातवा चर. पाऊस आडवा मारत होता. आस्गर संग्रहालयातून मुद्दाम आला होता, विभागप्रमुख शेतावर येतात तेव्हा घाई असते हे तुला सांगायला नको. शेजारी प्रेबेन छत्री धरून उभा. दोघं आळीपाळीनं घड्याळ बघत होते. त्या सखल कोपऱ्यातली वरची काळी माती निघाली आणि खाली पिवळी, स्वच्छ वाळू लागली. डाग नाही, कोळशाचा कण नाही. माणसाचा हात न लागलेली कोरी जमीन. मी हात वर केला. वीस वर्षं मी हात वर केला की तुझी बकेट थांबते. त्या दिवशी नाही थांबली. तू आणखी एक बकेट उपसलीस, खिडकी सरकवलीस आणि सगळ्यांसमोर ओरडलास, "अगं चिमणे, अजून हातभर खोल जाऊ या. ही तळाची वाळू नव्हे. तळाची वाळू बकेटमध्ये कुरकुरते. ही नुसती सळसळतेय. वाऱ्यानं आणून टाकलीय ही."

प्रेबेन हसला. "चिमणे," असं हळूच म्हणाला, आस्गरकडे बघून.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे, बाबा. या भागातल्या कुठल्याही शेतावर गेले तरी मी आधी एव्हाल्डची पोर असते आणि मग पुरातत्त्वाची बाई. मला एकदा तरी असं व्हायला हवं होतं की मी थांब म्हटलं आणि सगळं थांबलं. मी म्हणाले, "इथं कोण ठरवणार? मी की मशीनवाला?"

तू इंजिन बंद केलंस. किल्ली माझ्या हातात दिली नाहीस, माझ्या गाडीच्या टपावर ठेवलीस. आणि त्या पावसात सायकलवरून घरी गेलास.

माझं बोलणं चुकलं. वाळूच्या बाबतीत माझं चुकलेलं नाही. एवढंच सांगायचं होतं.

तुझी
दोर्ते


व्हेस्टरहोल्म, १४ जानेवारी

बाबा,

आत्या म्हणाली तू मशीन विकलंस, स्कीव्हच्या कुणा माणसाला. मला वाटलं होतं वसंतापर्यंत थांबशील. जमीन एकदा मऊ झाली की तुझे हात शिवशिवतात, तेव्हा विचार बदलशील, असं वाटलं होतं.

संग्रहालयानं यंदा तुझ्याशी करार केला नाही, त्या पत्रावर आस्गरची सही होती. मी ते पत्र पाहिलं नव्हतं.

पाहिलं होतं. ते टपालात पडायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर होतं.

आस्गरनं मला आत बोलावून विचारलं होतं, "एव्हाल्डला काय झालं त्या दिवशी?" मी म्हणू शकले असते, काही नाही, बाप-लेकीचं भांडण होतं. तो हसला असता, त्यालाही दोन मुली आहेत. मी म्हणाले, "बाबांना आता खोली कळत नाही. डोळ्यांचं असेल." आस्गरनं फाइल मिटली. मग म्हणाला, "तूच म्हणतेस तर प्रश्नच नाही."

आणि अहवालात एक वाक्य आहे. तुला कुणी दाखवण्याआधी मीच सांगते. "सातव्या चरात यंत्रचालकाकडून काही ठिकाणी आवश्यकतेपेक्षा खोल खोदले गेले." तुझं नाव त्या वाक्यात नाही. पण यंत्रचालक एकच होता, आणि त्याचं नाव पहिल्या पानावर आहे. हे अहवाल कधी रद्दीत जात नाहीत. शंभर वर्षांनी कुणी होल्मच्या शेताचं दप्तर उघडलं तर तुझ्या चाळीस वर्षांच्या कामातलं त्याला तेवढं एक वाक्य सापडेल.

मी हे ठरवून केलं नाही. आधी तोंडून एक गोष्ट गेली, मग ती कागदावर आली, मग तिच्या शेजारी दुसरी बसवावी लागली.

तू फ्रेडरिक्सहाव्हनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलास म्हणे. मोतीबिंदूची सुरुवात. आत्यानं सांगितलं, बोटीवरून उतरल्या उतरल्या तू तिला म्हणालास, "बघ, पोर बरोबरच होती."

बाबा, एकाहत्तराव्या वर्षी मोतीबिंदू कुणाला होत नाही? तू डोळ्यांनी कधी खोदलंस? मी सात वर्षांची असताना मशीनमध्ये तुझ्या मांडीवर बसून तुझ्या हातांवर हात ठेवायचे, तेव्हा तू म्हणायचास, "बाहेर नको बघूस, दांडा काय सांगतो ते ऐक." तू तळहातांनी खोदायचास. तू असं कसं मानलंस?

मीच म्हटलं होतं म्हणून मानलंस, हे मला कळतं.

दोर्ते


व्हेस्टरहोल्म, ३ एप्रिल

बाबा,

इथं टिटव्या परत आल्या. शेतांवर नुसता गलबला आहे. तुझ्या अंगणातल्या सफरचंदाची मी छाटणी केली, बहुतेक वाईट केली. येऊन रागव.

होल्मवर काम सुरू झालं. रस्ते आखले, सांडपाण्याचे चर खणताहेत. मंगळवारी प्रेबेनचा फोन आला. "त्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी काळं लागलंय. येऊन बघून जा, नाहीतर उद्या म्हणशील प्रेबेननं लपवलं. मी काही लपवत नाही हं, मला चर्चमध्ये लोकांच्या शेजारी बसायचं असतं." गेले. दोन मीटर खोल चर होता, शिडीनं उतरले. जुना शेणखताचा खड्डा होता. त्याला तसं सांगितलं, काम चालू दे म्हटलं.

बाकी काही विशेष नाही. नवा मशीनवाला यॉन बरा आहे. फार बोलत नाही.

एक विचारायचं होतं, सहज. तुझे आजोबा सांगायचे ना, हीथच्या ओसाड, वालुकामय माळावर असताना एका रात्रीत वाऱ्यानं वाळू यायची आणि सकाळी कोबीचा वाफा दिसायचा नाही. अशी वाळू कालांतरानं बसून घट्ट होते का? म्हणजे दोन हजार वर्षं गेली तर? आणि इतकी बसलेली असतानाही तिचा आवाज वेगळा येतो, असं म्हणायचं होतं का तुला?

घाई नाही. सुचलं तर लिही.

दोर्ते


व्हेस्टरहोल्म, १४ एप्रिल

बाबा,

तुझं उत्तर आलं नाही. यावं असं मी काही केलेलंही नाही.

आज होल्मच्या बाजूनं घरी आले. तो सखल कोपरा आता नाही. जमीन मऊ आहे, घराचं जोतं खचेल, म्हणून प्रेबेनच्या लोकांनी अख्खा कोपरा तीन मीटर खोल उपसून काढला. ट्रकांची रांग लागली होती. ती माती हमरस्त्याच्या कडेला टाकताहेत, गाड्यांचा आवाज अडवायला बांध घालायचा आहे तिथं. खड्ड्यात दुसरीकडची खडबडीत वाळू भरून दाबून घेतली. परवा काँक्रीट.

मी गाडीत बसून अकरा ट्रक मोजले. बाराव्याला निघाले.

इथं फार थंडी आहे अजून. मोजे घाल.

दोर्ते


व्हेस्टरहोल्म, ७ मे

बाबा,

शेणखताचा खड्डा नव्हता.

हे वाक्य मी तीन आठवडे लिहायचं ठरवत होते. आता लिहिलं, आता पुढचं सगळं लिहिते.

त्या मंगळवारी मी चरात उतरले. भिंत ओली होती, वरवर काही कळत नव्हतं. करणीनं वरून खाली तासत गेले. वर काळी शेतमाती. तिच्याखाली ती पिवळी वाळू, जिच्यापाशी मी हात वर केला होता. आणि वाळूच्या खाली, हातभर खाली, बाबा, मी माझाच हात लावून पाहिला, मनगटापासून कोपरापर्यंतही नाही, करडा पट्टा. जुनी शेतजमीन. तिच्या तळाशी नांगराच्या रेघा, आधी उभ्या आणि मग आडव्या, जाड्याभरड्या कापडाच्या विणीसारख्या. जरा पुढं खांबाचा खड्डा. त्याच्यापलीकडे चूल. माती भाजून लाल झालेली, वर राखेचा थर, आणि राखेवर लगेच वाळू. मध्ये काही नाही. म्हणजे चूल विझली आणि वाळू आली, किंवा वाळू आली म्हणून चूल विझली. घर होतं तिथं. कुणीतरी चूल सोडून बाहेर पडलं आणि परत आलं नाही.

वीस वर्षांत मी अशी जागा पाहिलेली नाही. या भागात कुणीच पाहिलेली नाही. वाळूनं झाकल्यामुळं कुणाचा नांगर पुन्हा तिथं पोचला नव्हता. जसं सोडलं होतं तसं.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. फार थोडा वेळ, पण झाला. वाटलं, बाबांना फोन करायला हवा.

मग वरून प्रेबेननं वाकून विचारलं, "काय गं, राजा-बिजा सापडला का?"

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. अहवाल, त्यातलं ते वाक्य, आस्गरचं 'तूच म्हणतेस तर', तुझं स्कीव्हला गेलेलं मशीन. मी खरं बोलले असते तर त्याच दिवशी काम थांबलं असतं, कायदाच तसा आहे. मी मोकळी म्हणून दिलेली जमीन मोकळी नव्हती, हे सगळ्यांना कळलं असतं. पण त्याची भीती मला तितकी नव्हती. चुका होतात, वाळूनं माझ्याहून हुशार माणसांना फसवलं आहे. भीती याची होती की मग कुणीतरी विचारलं असतं, मशीनवर कोण होतं? तो काही म्हणाला नाही? आणि सगळ्यांना कळलं असतं की तो म्हणाला होता, आणि मी काय केलं.

मी वर बघून म्हणाले, "शेणखताचा जुना खड्डा आहे. चालू दे तुझं."

"मला वाटलंच," म्हणाला. "वासच येत होता." तो विनोद होता. मी हसले.

खिशात कॅमेरा होता, बाबा. काढला नाही. फोटोला तारीख असते. फोटो काढला असता तर 'हिला ठाऊक होतं' याचा पुरावा कुठंतरी राहिला असता. मी करणीनं उकरलेली माती त्या चुलीवर थापली आणि शिडी चढले.

त्यानंतर माझ्याकडे अकरा दिवस होते. रोज सकाळी वाटायचं आज सांगेन. रोज संध्याकाळपर्यंत आदल्या दिवशी का सांगितलं नाही, हेही सांगावं लागेल असं होऊन बसायचं. अकराव्या दिवशी ट्रक आले.

तू बरोबर होतास. ती वाऱ्यानं आणलेली वाळू होती. हातभरच खोल जायचं होतं. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तुझ्या हातांना तर नाहीच नाही. या सगळ्या शेतात त्या दिवशी जमीन कळणारा माणूस एकच होता, आणि त्याला मी पावसात घरी पाठवलं.

मला माफ कर असं लिहीत नाही. तेवढं कळतं मला. फक्त तू बरोबर होतास एवढं घे.

दोर्ते


व्हेस्टरहोल्म, ९ जून

बाबा,

तुझं कार्ड आलं. बोटीचं चित्र असलेलं. सात महिन्यांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं. "पत्र मिळालं. बापाला बरं वाटावं म्हणून स्वतःवर असलं काही ओढवून घेऊ नये. इकडे सगळं ठीक. एव्हाल्ड." खाली 'बाबा' लिहायचास, ते खोडून एव्हाल्ड केलंस की विसरलास, ते मला दिव्याजवळ धरूनही कळलं नाही.

तुला वाटतं मी हे रचलं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की असं वाटू शकेल.

मी आस्गरला सांगितलं. दार लावून घेऊन सगळं सांगितलं, करड्या पट्ट्यापासून चुलीपर्यंत. तो ऐकत राहिला. मग विचारलं, "फोटो?" नाही. "रेखाटन? मोजमाप?" नाही. "आणखी कुणी पाहिलं?" प्रेबेननं काळं पाहिलं. त्यानं प्रेबेनला माझ्यासमोर फोन लावला. प्रेबेन म्हणाला, "तिनंच तर सांगितलं शेणखत म्हणून. आता काय, शेणात सोनं निघालं का?"

आस्गरनं फोन ठेवला आणि फार हळू आवाजात बोलला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "दोर्ते, तुझे बाबा बेट धरून बसलेत, तुला झोप नाही, हे दिसतंय आम्हाला. पण अहवाल असा बदलता येत नाही. तिथं आता दुसरीकडची वाळू आहे. त्याच्यावर घर आहे. तू पाहिलंस म्हणतेस, मीही पुष्कळ गोष्टी पाहतो."

"मी खोटं बोलले होते प्रेबेनशी," मी म्हणाले.

"मग आत्ता खरं बोलतेस हे मी कशावरून समजू?" तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. वर दोन आठवडे रजा घे म्हणाला, ती मी घेतली नाही.

तुझ्याबद्दलचं ते वाक्य तेवढं तरी काढू दे, असं मी म्हटलं. ते निघत नाही. काढायला कारण लागतं, आणि कारणाला पुरावा लागतो.

गेल्या शुक्रवारी त्या कोपऱ्यातल्या घराचे वासे चढले. प्रेबेननं सगळ्यांना बोलावलं होतं, मलाही. रीत म्हणून वाशांवर हिरव्या डहाळ्यांचे तीन हार टांगले होते, खाली सॉसेज आणि बिअर. ज्यांचं घर आहे ते जोडपं तरुण आहे, ती बाई पोटुशी आहे. ती मला म्हणाली, "तुम्हीच ना इथली जमीन तपासली? आम्हाला किती बरं वाटलं, खाली काही नाही ते." स्वयंपाकघर कुठं येणार ते तिनं मला चालत चालत दाखवलं. प्रेबेन मोहरी माखलेलं सॉसेज हातात घेऊन आला, म्हणाला, "काय दोर्ते, शेणावर घर कसं फुललंय बघ!" सगळे हसले. मीही बिअर उचलली.

यॉनबरोबर आता तिसरं शेत चालू आहे. मी हात वर करायच्या आधीच तो थांबतो. माझ्या खांद्याकडे बघत असतो सारखा. एकदा मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं, खाली अजून काही असेल?" तो घाबरून म्हणाला, "मी कसं सांगणार? तुम्ही सांगा." तुझ्याबद्दल त्यानं ऐकलं असणार.

मी लेसोला येते आहे. सव्वीस तारखेची बोट. कोंबड्यांकडे गेलास तरी मी कोंबड्यांकडे येईन.

दोर्ते


व्हेस्टरहोल्म, ३० जून

बाबा,

हे पत्र मी पाठवणार नाही. पण ज्या गोष्टी तुला सांगायच्या असतात त्या तुलाच उद्देशून लिहायची सवय लागली आहे, दुसरं कुणाला लिहिता येत नाही.

तू धक्क्यावर घ्यायला आलास. मला वाटलं नव्हतं. तू बारीक झालास. आत्याच्या जुन्या गाडीजवळ उभा होतास आणि बोटीवरून उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होतास, मी अगदी समोर येईपर्यंत. मग म्हणालास, "आलीस." तू माझी पिशवी घेतलीस आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिलीस. "तूच चालव. मी आता चालवत नाही. कशाला कुणाचा जीव धोक्यात घाला." डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितलेलं नाही, हे आत्या मला नंतर म्हणाली. तुझं तूच बंद केलंस.

मी एक खापर आणलं होतं. रस्त्याच्या कडेचा तो मातीचा बांध मी दोन रविवार गुडघ्यांवर बसून धुंडाळला. बांध शंभर मीटर लांब आहे. शेवटी एक सापडलं, काठाचा तुकडा, बोटाच्या नखानं केलेली नक्षी असलेला. कुठल्या ट्रकमधून आलं, कुठल्या थरातलं, काही सांगता येणार नाही. पण ते तिथलं होतं. दुसरं कुठलं असणार?

जेवताना तुझ्यासमोर ठेवलं. तू चष्मा लावलास, खिडकीकडे धरलंस, अंगठ्यानं काठ चाचपलास. तेवढा वेळ तुझे हात पूर्वीचे होते. आता म्हणशील, असं वाटलं. बघ, सांगितलं होतं ना चिमणे, असं म्हणशील, मला शिव्या देशील, ताट ढकलशील. मी त्याचीच वाट बघत होते, बाबा. सगळा प्रवासभर मी तुझ्या रागाची तयारी करत होते.

तू खापर माझ्याकडे सरकवलंस. "संग्रहालयाच्या कोठारातून आणलंस होय? परत ठेव हं पोरी. बापापायी नोकरी घालवू नकोस."

"बाबा, हे होल्मचं आहे."

"बरं," म्हणालास. लहान मुलाला म्हणतात तसं. आणि बटाटे माझ्या ताटात वाढलेस.

मग आत्या मागं आवरायला उठली आणि तू बोलायला लागलास. तू कधी एवढं सलग बोललेला मला आठवत नाही. म्हणालास, "माझ्या मनात बरेच दिवस आहे, आज बोलून टाकतो. त्या दिवशी मी तुझा अपमान केला. तुझ्या साहेबासमोर, त्या बिल्डरसमोर. तू थांब म्हणालीस तर मशीनवाल्यानं थांबायचं असतं. चाळीस वर्षं मी इतरांना तेच शिकवलं. आणि स्वतःच्या मुलीचं ऐकलं नाही. दिसत नव्हतं आणि कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून वाळू अशी न् तशी असं काहीतरी बडबडलो. तू चांगली निघालीस म्हणून नाहीतर दुसरं कुणी असतं तर मला त्याच दिवशी हाकललं असतं. त्याचं तुला मनात खात असणार, म्हणून तू ती चूल-बिल रचलीस, बापाला हलकं वाटावं म्हणून. तुझ्या आईची सवय. पण मला तसं नकोय. मला खरंच माफ कर."

मी नाही नाही म्हणत होते. तू हात हलवत होतास, असू दे, असू दे.

मी स्वयंपाकघरात आत्याकडे गेले. तिला म्हटलं, "आत्या, मी रचलेलं नाही. तो बरोबर होता. तू सांग ना त्याला, तुझं ऐकेल."

आत्या भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, "तू म्हणतेस ते खरं असेल. मला वाळूतलं काय कळतंय? मी एवढंच बघितलंय की डिसेंबरात तो रात्र रात्र पडवीत बसायचा. मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचा. पुन्हा पुन्हा तेच, मी ओळखलं कसं नाही, मी ओळखलं कसं नाही. मग एक दिवस म्हणाला, आपलं वय झालं थ्यूरा, आपण पोरीची माफी मागू. तेव्हापासून झोपतो तो. जेवतो. आता तू त्याला सांगणार की तो म्हातारा झालाच नव्हता? मशीन उगाच विकलं? मग त्यानं काय करायचं, सांग मला. परत कोणावर राग धरून बसायचं? तुझ्यावर?"

"हो," मी म्हणाले. "माझ्यावर."

"तुला हलकं वाटेल," आत्या म्हणाली. "त्याला एकच मुलगी आहे."

मी परत बाहेरच्या खोलीत आले. तू अजून टेबलापाशीच होतास, समोरचे पावाचे तुकडे बोटानं गोळा करत. तू वर पाहिलंस. शाळेत नापास झालेलं मूल बघतं तसं. तू उत्तराची वाट बघत होतास.

मी म्हणाले, "माफ केलं, बाबा."

तू मान हलवलीस. दोनदा. "बरं झालं," म्हणालास. मग उठून आतल्या खोलीत जाऊन आडवा झालास, आणि थोड्याच वेळात तुझं घोरणं ऐकू यायला लागलं, तेच, लहानपणी भिंतीपलीकडून ऐकू यायचं तसं. आत्यानं तुझं दार हलकेच ओढून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी बूट हातात घेतले आणि लाकडी जमिनीचा आवाज होऊ न देता बाहेर पडले.